वूफर हलतो, डिकी दणाणते, पण पुढच्या सीटवर बेस येत नाही

सबवूफर बसवला, अ‍ॅम्प जोडला, सुरुवातीचे काही दिवस मजेत गेले. मग हळूहळू जाणवायला लागतं की काहीतरी कमी आहे. डिकीपाशी उभं राहिलं की नंबर प्लेट खडखडताना ऐकू येते, पण स्टिअरिंगमागे बसलं की आवाज पोकळ. कुणीतरी सांगतं, ‘अ‍ॅम्प लहान पडतोय.’ मोठा अ‍ॅम्प येतो, थोडा फरक पडतो आणि काही दिवसांत तीच तक्रार परत.

ती परत येते, कारण वॅट वाढवून ती सुटणारीच नसते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याउलट एक वायर उलटी लागली असेल तर क्रॉसओव्हरच्या (जिथे सबवूफरचे सूर संपून दारातल्या स्पीकरचे सुरू होतात त्या फ्रिक्वेन्सीच्या) आसपासचे १० डेसिबल आरामात गायब होतात, तेही सगळं सामान उत्तम असताना. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी असलेला बेस कुठे जातोय ते शोधा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आधी तक्रार नेमकी ओळखा

‘बेस कमी आहे’ या एका वाक्यात वेगवेगळ्या भानगडी लपलेल्या असतात. वूफर जोरात हलतोय पण पुढे काही येत नाही, ही बहुतेक वेळा फेजची (दोन स्पीकरच्या लाटा एकमेकींशी जुळतात की नाही, याची) किंवा बॉक्सच्या जागेची गोष्ट असते. कमी आवाजात छान आणि व्हॉल्यूम वाढवला की बेस पातळ, असं असेल तर संशय कंपनीच्या स्टिरिओवर किंवा करंटच्या वायरिंगवर. अर्धा तास दणदणीत वाजून मग ढेपाळत असेल तर उष्णता. एखादाच सूर घुमतो आणि बाकीचा बेस फुसका, तर बॉक्स. गाडी उभी असताना मस्त आणि रस्त्याला लागली की गायब, हा प्रकार वेगळाच, त्याबद्दल शेवटी.

तपासायला एक साधा मल्टिमीटर, एक १.५ व्होल्टचा सेल आणि ३० ते २०० हर्ट्झपर्यंतचे टेस्ट टोन लागतील. टोनच्या फाइल पेन ड्राइव्हवर असल्या तर उत्तम. फोनवरून वाजवणार असाल तर फोनमधला इक्वलायझर आणि गाण्यांचा आवाज समान करणारं सेटिंग बंद करा. स्टिरिओवरचं लाउडनेस, बेस बूस्ट, ट्रेबल, सगळं शून्यावर आणा. एक काळजी घ्या: मोठ्या आवाजातला सलग टोन व्हॉइस कॉइलला (वूफरमधल्या तारेच्या गुंडाळीला) गाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापवतो. काही सेकंद वाजवा, थांबा, मग पुन्हा वाजवा.

फेज: सगळ्यात जास्त बेस इथेच हरवतो

८० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते. डिकीतला सबवूफर आणि दारातला स्पीकर यांच्यापासून ड्रायव्हरच्या कानापर्यंतच्या अंतरात मीटर-दीड मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे पाव ते एक तृतीयांश तरंग. त्यात क्रॉसओव्हरचे फिल्टर स्वतःही फेज फिरवतात. या सगळ्याची बेरीज होऊन दोन्ही आवाज कानापाशी जवळजवळ उलटे येऊन भिडले की एकमेकांना खातात. सबवूफर हवा ढकलत असतो त्याच क्षणी दारातला स्पीकर ती ओढत असतो. दोघेही जीव तोडून काम करतायत आणि तुमच्या कानाशी काही उरत नाही.

तपासायची पद्धत अशी. गाडी बंद जागी नको, मोकळ्यावर उभी करा. दारं-काचा बंद करून ड्रायव्हरच्या सीटवर नेहमी बसता तसे बसा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर असेल तर ८० चा टोन बेताच्या आवाजात लावा, दारातले स्पीकर आणि सबवूफर दोन्ही चालू. आता दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅम्पवरचा फेजचा स्विच ० वरून १८० वर करायला सांगा. स्विच नसेल तर अ‍ॅम्प बंद करून सबवूफरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करा आणि परत लावा. डोकं हलवू नका, व्हॉल्यूमला हात लावू नका. ज्या स्थितीत आवाज भरीव येतो ती बरोबर, मग वायरीवर खूण काहीही असो. हेच ७० आणि ६० हर्ट्झवर करून बघा आणि मग ओळखीच्या गाण्यावर खात्री करा. फोनमधलं डेसिबल मोजणारं अ‍ॅप खालच्या फ्रिक्वेन्सीचा खरा आकडा देत नाही, पण फोन एकाच जागी ठेवला तर ‘आधी आणि नंतर’ची तुलना करायला पुरतं.

काही गाड्यांमध्ये स्विच फिरवून फारसा फरक पडत नाही, कारण फेज ० आणि १८० च्या अधेमधे अडकलेली असते. तिथे टाइम अलाइनमेंट लागतं. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, हा हिशोब धरून पुढचे स्पीकर थोडे उशिरा वाजवायचे. ही सोय नसेल तर क्रॉसओव्हर १० हर्ट्झ वर-खाली करून बघा, त्यानेही फेज सरकते.

दारातले दोन स्पीकर आपसात उलटे असले तरी हाच घोळ होतो. सबवूफर बंद करा, १०० हर्ट्झचा मोनो टोन लावा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडून मध्यावर आणा. मध्यावर आवाज जाड व्हायला हवा. पातळ झाला तर एक स्पीकर उलटा आहे. कोणता, ते सेल सांगेल: स्पीकरच्या वायरी स्टिरिओपासून सोडवा आणि सेलचा प्लस त्यातल्या प्लसच्या वायरीला आणि मायनस मायनसच्या वायरीला क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी.

डिकीत दोन सबवूफर असतील तर हीच चाचणी त्यांच्यावरही करा. एक बाहेर येताना दुसरा आत जात असेल, तर दोघांचा मिळून बेस जवळपास शून्य. कोन मात्र बघणाऱ्याला भारी हलताना दिसतात. दोन कॉइलच्या वूफरमध्ये एक कॉइल उलटी लागली तर प्रकरण आणखी वाईट. कोन जागचा फारसा हलत नाही, सगळा करंट उष्णतेत जातो आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. अशा वेळी ताबडतोब बंद करा.

बॉक्सची जागा

बॉक्स स्क्रूने पक्का करण्याआधी तो फिरवून बघणं हा फुकटातला सगळ्यात मोठा फायदा आहे. हॅचबॅकमध्ये वूफरचं तोंड मागच्या दाराकडे, दारापासून थोडं अंतर ठेवून, अशी मांडणी बहुतेक वेळा चांगली वाजते. पण प्रत्येक गाडी वेगळी. तोंड मागे, तोंड वर, बॉक्स डाव्या कोपऱ्यात, बॉक्स मध्ये, प्रत्येक वेळी तेच गाणं त्याच व्हॉल्यूमला लावून पुढे बसून ऐका.

सेदानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यात सीटचा फोम आणि पत्रा असतो. मागची सीट पाडून ऐका. बेस एकदम उसळला तर आवाजाला आत यायला वाट मिळत नव्हती. मग सीटमधली आर्मरेस्टची झडप उघडी ठेवणं किंवा बॉक्सचं तोंड सीटच्या दिशेने करून भोवतालची फट बंद करणं, असे मार्ग आहेत. याउलट डिकीचं झाकण उघडल्यावर पुढचा बेस वाढला, तर बहुधा डिकीतून परतणारा आवाज मूळ आवाजाला खात होता. बॉक्स सरकवला की ते सुधारतं.

आणि वूफर बॉक्सशिवाय नुसता मागच्या पार्सल ट्रेमध्ये बसवला असेल तर कोनच्या पुढची आणि मागची हवा पूर्ण वेगळी हवी. ट्रेला भोकं आणि फटी असतील तर पुढचा आवाज मागच्या आवाजाशी थेट भेटतो आणि खालचा बेस तिथेच संपतो.

सिग्नल: दोनदा लागलेले फिल्टर आणि चलाख स्टिरिओ

स्टिरिओमध्ये लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० वर, अ‍ॅम्पवरही लो पास ८० वर, असं मला सतत दिसतं. दोन फिल्टर एकावर एक बसले की ८० वर ३ ऐवजी ६ डेसिबल कापले जातात आणि दारातल्या स्पीकरला भेटायच्या जागी खड्डा पडतो. एकच फिल्टर वापरा, दुसरा पूर्ण उघडा ठेवा. सबसॉनिकची (अगदी खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरची) खुंटी चुकून ५० वर राहिली असेल तर ४० चा सूर बराच दबतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची असते, म्हणजे तिचा मूळ सूर दबलाच. अ‍ॅम्पवरचा हाय पास-लो पासचा छोटा स्विच भलतीकडे सरकलेला असणं हेही नेहमीचं.

बेस बूस्टची खुंटी शून्यावर राहू द्या. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला चौपट वॅट, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. तेवढी ताकद अ‍ॅम्पमध्ये शिल्लक नसते, म्हणून तो क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं कापली जातात, आणि बेस मोठा होण्याऐवजी भसाडा होतो.

आता व्हॉल्यूमबरोबर पातळ होणाऱ्या बेसबद्दल. गाडीच्या कंपनीचे अनेक स्टिरिओ व्हॉल्यूम वाढला की मुद्दाम खालचा बेस कमी करतात, दारातले साधे स्पीकर फाटू नयेत म्हणून. त्याच वायरीवरून अ‍ॅम्पला सिग्नल घेतला असेल तर तो कापलेलाच येणार. हे मल्टिमीटरवर स्वच्छ दिसतं. स्पीकरच्या वायरीवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. ५० हर्ट्झचा टोन लावून व्हॉल्यूमच्या प्रत्येक पाचव्या पायरीला आकडा लिहून घ्या. मग तेच २०० हर्ट्झवर. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात वाढले तर स्टिरिओ निर्दोष. २०० चा वाढत राहिला आणि ५० चा एका पायरीनंतर अडखळला, तर चोर सापडला. ही कापाकापी मोठा अ‍ॅम्प लावून भरून येत नाही. सिग्नल सरळ करणारा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) किंवा दुसरा स्टिरिओ, हेच दोन उपाय.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओच्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प जुळवण्यासाठी तो असतो. लावायचा हिशोब सोपा: अ‍ॅम्पचे खरे वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ५०० वॅट २ ओहमवर असेल तर १००० चं वर्गमूळ, साधारण ३१.६ व्होल्ट. सबवूफरची वायर सोडवा, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवा, ५० चा टोन लावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटला तेवढे एसी व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवा.

हे करताना ओहमही तपासा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. अ‍ॅम्प २ ओहमवर ५०० वॅट देणारा आणि जोडणी ८ ओहमची, तर हाती साधारण पाव ताकद येते, आणि लोक अ‍ॅम्पला नावं ठेवतात. मल्टिमीटरवर आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमीच दिसतो. ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

करंट आणि अर्थिंग

दुरुस्त होऊन पुन्हा पुन्हा उद्भवणारी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा अर्थिंगचा बोल्ट बघतो. ५०० वॅट देणारा क्लास डी अ‍ॅम्प भरात असताना ४५ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी तिथे २ व्होल्टपेक्षा जास्त दाब खर्ची पडतो. रंगावरच कसलेला बोल्ट, सीटबेल्टच्या बोल्टखाली सरकवलेली वायर, वायरीच्या टोकाला हातानेच पिळलेलं थिंबल, हे सगळं पहिल्या दिवशी चालतं. मग ओलावा लागतो, गंज धरतो, गाडीच्या हादऱ्यांनी नट ढिला होतो आणि बेस महिन्या-महिन्याने मरत जातो.

मोजणं असं: इंजिन चालू, ५० हर्ट्झचा टोन नेहमीच्या मोठ्या आवाजात. मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलला. यासाठी लांब वायर लागेल, ती जोडा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. अशीच मोजणी बॅटरीच्या प्लसपासून अ‍ॅम्पच्या प्लसपर्यंत करा, म्हणजे फ्यूज होल्डर आणि मुख्य वायर दोन्ही तपासली जातील. शिवाय अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर इंजिन चालू असताना १३.५ ते १४.४ व्होल्ट असावेत. बेसच्या प्रत्येक ठोक्याला ते १२ च्या खाली जात असतील तर अ‍ॅम्प उपाशी आहे.

उपाय: चॅसिसचा रंग घासून लख्ख पत्रा काढा, चांगलं दाबलेलं थिंबल लावा, दातेरी वॉशर घालून नट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग मारा, म्हणजे गंज धरणार नाही. ग्राउंडची वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि प्लसच्या वायरीइतकीच जाड. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर लक्षात ठेवा, अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच. तीच जाडी पुरत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, कारण वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर गाडी तोच वाचवतो.

तापल्यावर ढेपाळणारा बेस

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली की तिचा रोध जवळपास ६० टक्के वाढतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला ती कमी वॅट घेते. साधारण २ डेसिबल इथेच जातात. दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून बेस परत येत असेल तर हेच कारण, किंवा अ‍ॅम्प तापून स्वतःला आवरतोय. अ‍ॅम्पला हात लावून बघा. तो गालिच्याखाली किंवा सीटखाली कोंबलेला असेल तर मोकळा करा. कॉइल तापत असेल तर गेन खाली आणा. क्लिप झालेला सिग्नल कॉइलला सगळ्यात जास्त भाजतो.

बॉक्स

खरा खालचा बेस, जो कानापेक्षा छातीत आणि सीटमध्ये जाणवतो, तो बॉक्स ठरवतो. तेवढ्याच आवाजासाठी फ्रिक्वेन्सी निम्मी केली की कोनला चौपट अंतर हलावं लागतं. ६० वर मजेत वाजणारा वूफर ३० वर धापा टाकतो तो म्हणून.

सीलबंद बॉक्समध्ये खालचा आवाज सप्तकाला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) १२ डेसिबलने उतरतो, पण बंद केबिनमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीचा दाब आपोआप वाढतो, त्यामुळे गाडीत तो बराचसा भरून निघतो. पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी (पोर्ट) असलेला, बॉक्स त्याच्या ट्युनिंगच्या (ज्या फ्रिक्वेन्सीला ती नळी घुमते तिच्या) आसपास जास्त जोर देतो, मात्र ट्युनिंगच्या खाली सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि तिथे कोनवर हवेचा ताबाही राहत नाही. सबसॉनिक फिल्टर त्यासाठीच, ट्युनिंगच्या किंचित खाली लावायचा.

तुमच्या पोर्टेड बॉक्सचं ट्युनिंग माहीत नाही? कोनवर खडूचा एक ठिपका द्या. अगदी हलक्या आवाजात ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येत ठिपक्याकडे बघत राहा. कोनचं हलणं कमी होत जातं, एका जागी तो जवळजवळ थबकतो आणि त्याच वेळी पोर्टमधून हाताला हवेचा झोत सगळ्यात जोरात लागतो. तीच ट्युनिंगची फ्रिक्वेन्सी. ती ३२ ते ३६ च्या दरम्यान निघाली तर रोजच्या गाण्यांना छान. ४५ किंवा वर निघाली तर तुमचा ‘खालचा बेस’ कुठे अडलाय ते कळलं. एकच सूर घुमण्याचं कारणही बहुधा तेच. पोर्ट लांब केला की ट्युनिंग खाली येतं.

बॉक्सचं माप नेहमी आतून धरा. बाहेरून ४० बाय ३५ बाय ३० सेंटिमीटरचा बॉक्स ४२ लिटरचा वाटतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ (बॉक्सचा लाकडी बोर्ड) वजा केला की आत ३० लिटर उरतात, आणि वूफरच्या चुंबकाने व्यापलेली जागा गेली की त्याहून कमी. वूफरसोबतच्या कागदावर सांगितलेलं माप निव्वळ आतल्या जागेचं असतं.

आता गळती. सीलबंद बॉक्सच्या वूफरचा कोन दोन्ही तळव्यांनी सारखा दाबून सोडा. तो दमाने परत यायला हवा, झटकन आला तर हवा कुठूनतरी निसटतेय. ३० चा टोन हलक्या आवाजात लावून ओला हात सांध्यांवरून, वूफरच्या कडेने आणि विशेषतः मागच्या टर्मिनलच्या प्लास्टिक कपाभोवती फिरवा. गार झुळूक लागली की जागा सापडली. तो कप सगळ्यात जास्त गळतो. वूफरचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले होतात, म्हणून अधूनमधून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. एमडीएफमध्ये स्क्रूची भोकं मोठी झाली असतील तर तिथे टी-नट (लाकडात रुतणारे धातूचे नट) लावा, नाहीतर ही गळती परत येतच राहणार.

गाडी धावताना गायब होणारा बेस

टायर आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्याच फ्रिक्वेन्सीत असतो आणि तो बेसला झाकतो. शिवाय आपला कान मुळातच खालच्या सुरांना मंद आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. मध्यम आवाजात ४० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका ऐकू यायला तो साधारण ३० डेसिबलने मोठा असावा लागतो. त्यामुळे उभ्या गाडीत नेमका लावलेला बेस हायवेला कमी वाटणार, यात बिघाड काही नाही. अ‍ॅम्पसोबत येणारी बेस लेव्हलची खुंटी डॅशबोर्डजवळ बसवा आणि वेगानुसार फिरवा. दारांना आणि डिकीला ब्यूटिल शीट चिकटवली तर रस्त्याचा आवाजही कमी होतो आणि पत्रे थरथरून बेसची ताकद वाया जाणंही थांबतं.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरीही भूक उरली, तर मग सामान वाढवा. त्यातही आधी तसाच दुसरा वूफर, त्याच्या वाट्याच्या लिटरसकट. दोन वूफरना दुप्पट वॅट मिळाले तर ६ डेसिबल वाढतात, तेच वॅट एकट्या वूफरवर ओतले तर ३. जागा नसेल तर आहे त्याच वूफरसाठी खालच्या ट्युनिंगचा बॉक्स नव्याने बांधून घ्या.